सुधारणेस वाव

कुपवाड एमआयडीसी, तिसरी शेड.
माझ्या टेबलावर एक गेज असतं.
हिरवं टोक बुशमध्ये गेलं पाहिजे,
तांबडं जाता कामा नये.
अकरा वर्षं मी लोखंडाला एवढंच विचारत आले
आणि लोखंड खोटं बोललेलं मला आठवत नाही.

मार्चात निरगुडे साहेबांनी फॉर्म दिले.
तू आता लाइन लीडर, तुझे चौघे तूच भर.
पुढाकार. संघभावना. संवादकौशल्य.
एक ते पाच.
आणि हे बघ, सगळ्यांना चार देऊन मोकळं व्हायचं नाही,
आकार घंटेसारखा यायला हवा,
एकाला तरी दोन द्यायचेच.
फळ्यावर त्यांनी घंटा काढून दाखवली.
सुबक काढली.

फॉर्म घरी नेले, डब्याच्या पिशवीतून.
माधवनगर रोडला मेथी घेतली
ती चौघांच्या डोक्यावर ठेवली.

इर्शाद मुलाणी. लग्न ठरलंय, मुलीकडचे पगार विचारून गेलेत.

कस्तुरी आवटी. बाळ सहा महिन्यांचं.
दुपारी सायकल स्टँडमागे जाऊन दूध पिळून टाकते,
परत येते, काउंट बरोबर असतो.

प्रज्योत बेडगे. याला दोन द्यायला काहीच हरकत नव्हती.
पण तो ज्यांच्या शब्दावर लागला
त्यांचं नाव फॉर्ममध्ये नव्हतं
आणि शेडमध्ये सगळ्यांना पाठ होतं.

दादासो हुजरे.
स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला, मूठ कानाला,
डोळे मिटून ऐकतात.
"शुक्रवारपतुर चालंल," म्हणतात,
आणि शुक्रवारी बेअरिंग जातं.
कानासाठी रकाना नव्हता.
संगणकीय नोंदी, हा होता.
त्यात त्यांचं काही नव्हतं.

चार दिवस फॉर्म पिशवीत. मेथी संपली.
पाचव्या दिवशी चहाला दादासोच म्हणाले,
"दोन कुणाला घालायचं, त्येच चाललंय न्हवं?
मला घाल की.
फुडच्या वैशाखात मी घरीच हाय."

मी नको म्हणाले.
एकदाच म्हणाले.
हे मी नंतर मोजलं.

एप्रिलच्या शेवटी पाकिटं आली.
दादासोंच्या कागदावर: सुधारणेस वाव आहे.
बोट ठेवलं तिथं त्यांनी सही केली.
माझ्या कागदावर: कठोर निर्णय घेण्याची क्षमता, चार.
साडेसात टक्के.
सगळे म्हणाले म्हणून मी भडंग वाटलं.
दादासोंनी मूठभर घेतलं,
"तिखट झॅक हाय," म्हणाले.

आठवड्यानं विचारलं, घरी काही बोलले का?
"सुनंनं वाचून दावलं. मोठ्यानं.
नातू बसलावता. म्हणला, आज्जा, वाव म्हंजे?"
मग?
"म्हणलं, जागा.
मोकळी जागा असती बग, तसं."
आणि कप विसळायला नळाकडे गेले.
माझाही नेला, नेहमीसारखा.

त्यांनी आकडा मागून घेतला होता.
शब्द मागितले नव्हते.
शब्द मीही लिहिले नव्हते,
दोनाच्या घरात ते छापूनच आले होते.
हे मी रात्री स्वतःला सांगते
तेव्हा हिरवं टोक जात नाही.

काल सात नंबरला आवाज सुरू झाला असावा.
मला काही ऐकू आलं नाही.
दादासोंनी स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले,
पुष्कळ वेळ ऐकलं,
मग तो खिशात घातला
आणि कॉम्प्युटरपुढं बसून
एका बोटानं, अक्षर शोधत शोधत,
काहीतरी टाइप करत राहिले.

मी गेज धरून मागे उभी.
कुठला शुक्रवार,
विचारलं नाही.